परमुलखातली श्रद्धेची शाळा



सप्टेंबर महिना संपत येतो तेव्हा आपल्या शेतांत सोयाबीन पिवळे पडू लागलेले असते, कपाशीला बोंडे धरलेली असतात आणि घरातील प्रत्येक हात कामाला लागतो. नेमक्या याच दिवसांत ख्रिस्तसभा आपल्याला घरापासून दूर असलेल्या हातांची आठवण करून देते. स्थलांतरित व निर्वासितांसाठीचा प्रार्थनादिन १९१४ सालापासून पाळला जातो. पूर्वी तो जानेवारीत येत असे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ पासून तो सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ठेवला.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला हा विषय परका नाही. पाऊस दगा देतो, विहीर आटते, कर्ज वाढते आणि घरातील एक माणूस पिशवी भरून बाहेर पडतो. कोणी उसाच्या तोडीला जातो, कोणी सुरतेला, कोणी पुण्याला कंपनीत. कोणाची लेक नर्सिंग शिकून मुंबईला लागते आणि तेथून आखाती देशात जाते. आपल्या मिस्साबलिदानात विश्वासूंच्या प्रार्थनेच्या वेळी बाहेरगावी व परदेशी असलेल्या मुलाबाळांसाठी प्रार्थना होते तेव्हा बाकांवरचे कितीतरी डोळे मिटतात आणि प्रत्येक डोळ्यासमोर एक चेहरा उभा राहतो.

त्या चेहऱ्याबरोबर एक काळजीही उभी राहते. मुलगा वेळेवर जेवतो का, ही काळजी तर असतेच. पण श्रद्धावंत आईबापांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, जो ते सहसा बोलून दाखवत नाहीत. जेथे चर्चची घंटा ऐकू येत नाही, जेथे रविवारी कोणी हाक मारत नाही, जेथे चार लोक काय म्हणतील याची भीती नाही, तेथे आपल्या लेकराची श्रद्धा टिकेल का?

या प्रश्नावर आज आपण थोडे चिंतन करू या. परमुलूख ही श्रद्धेची शाळा होऊ शकते, असे पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेचा इतिहास आपल्याला सांगतो. त्या शाळेतले धडे मोठ्या ग्रंथांत नसतात. ते रोजच्या कामात, जेवणात, पाण्यात आणि शेजाऱ्यांत सापडतात. आणि घरी राहिलेल्या आपल्यालाही त्यांची तितकीच गरज आहे.

देवाची माणसे परमुलखात

बायबल उघडले की पहिल्याच पुस्तकात आपल्याला प्रवासी भेटतात. अब्राहामाला देवाने आपला देश व बापाचे घर सोडून जायला सांगितले, तेव्हा कोठे जायचे हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हते. योसेफाला सख्ख्या भावांनी विकले आणि तो इजिप्तमध्ये गुलाम झाला. तेथे त्याला ना देवाची वेदी होती, ना आपली भाषा बोलणारे कोणी. तरी धन्याच्या घरात कोणी पाहत नसतानाही त्याने पाप करायला नकार दिला, कारण देव पाहतो आहे हे त्याला ठाऊक होते. गावाची लाज आणि देवाचे भय यांतील फरक माणसाला परमुलखातच कळतो.

पुढे यरुशलेमच्या लोकांना कैद करून बाबिलोनला नेण्यात आले. त्या नदीकाठी बसून ते रडले. आपली गाणी परक्या भूमीत कशी गावीत, हा प्रश्न त्यांना पडला. अशा लोकांना यिर्मया संदेष्ट्याने एक पत्र पाठवले. ते त्याच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात आहे आणि ज्यांची मुले बाहेर आहेत अशा प्रत्येक घरात ते वाचले जावे. लोकांना वाटत होते की देव म्हणेल, थोडे दिवस सोसा, लवकरच घरी नेतो. पण देवाचा निरोप वेगळा होता. घरे बांधा, मळे लावा, त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा. आणि ज्या शहरात मी तुम्हाला पाठवले आहे त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचे भले आहे. त्या पत्राचा हा अर्थ आहे. ज्या शहराने त्यांना बंदी केले होते, त्याच शहरासाठी प्रार्थना करायची! देव यरुशलेमच्या मंदिरात बसून आपली वाट पाहतो आहे असे त्यांना वाटत होते. तो तर त्यांच्याबरोबर बाबिलोनपर्यंत चालत आला होता.

रूथची गोष्ट तर आपल्या शेतकरी माणसाला चटकन समजणारी. ती मवाबी, म्हणजे परक्या देशाची. नवरा वारलेला, सोबत म्हातारी सासू. बेथलेहेमला आली ती सातूच्या कापणीच्या सुरुवातीला. परक्या गावात पोट कसे भरायचे? ती कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचू लागली. सरवा वेचणाऱ्या बाईच्या कमरेची काय दशा होते हे आपल्या माताभगिनींना सांगायला नको. शेताचा मालक बवाज याने ते पाहिले आणि आपल्या माणसांना सांगितले की पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम खाली पडू द्या, तिला बोलू नका. तिचा स्वाभिमानही राहिला आणि पदरही भरला. याच रूथच्या वंशात पुढे दावीद राजा झाला आणि संत मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आवर्जून लिहिले. एका परदेशी बाईला कोणीतरी चार कणसे जास्त सोडली आणि त्या शेतातून तारणाची वाट गेली.

आणि स्वतः प्रभू येशू? तान्हे बाळ असताना मरिया आणि योसेफ त्याला घेऊन रातोरात इजिप्तला पळाले. नाझरेथचा सुतार परक्या देशात काम मागत कोणत्या दारात उभा राहिला असेल, पवित्र मरियेने कोणत्या शेजारणीकडे पीठ उसने मागितले असेल, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण एवढे नक्की की आपला तारणारा काही काळ परदेशी म्हणून जगला. म्हणून परदेशात एकट्या खोलीत बसलेल्या कोणत्याही मुलाला म्हणता येते, प्रभूला हे ठाऊक आहे.

वसईचा दुभाषा

आपल्याच महाराष्ट्राच्या मातीतला एक तरुण असाच परदेशी गेला आणि संत झाला. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईला झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत येशूसंघीय धर्मगुरूंजवळ त्यांचे शिक्षण झाले आणि पंधरा-सोळा वर्षांच्या वयात ते त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला गेले. नवा देश, नवे अन्न, नवी भाषा. ती भाषा त्यांनी जपानी माणसांत राहून इतकी चांगली आत्मसात केली की लोकांना धर्मशिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे आले.

येशूसंघात प्रवेश मिळावा, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. एखाद्याने श्रद्धाच सोडली असती. गोन्सालो व्यापारात उतरले आणि मकावच्या बाजूला त्यांनी चांगला जम बसवला. हातात पैसा आला, ओळखी वाढल्या. पण मनातील हाक थांबली नव्हती. ते फिलिपाईन्समध्ये मनिला येथे गेले आणि फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला आले, दुभाषे म्हणून. ज्या भाषेचा उपयोग आता संपला असे वाटले होते, तीच भाषा देवाने पुन्हा कामाला लावली. क्योतो शहरात या संघाने कुष्ठरोग्यांची सेवा केली.

१५९६ च्या डिसेंबरात राज्यकर्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमाने त्यांना पकडण्यात आले. डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत, गावोगावी मिरवत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्यांत अवघ्या १२ वर्षांचा एक मुलगाही होता. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संत म्हणून घोषित केले आणि वसईचा गोन्सालो भारतभूमीत जन्मलेला पहिला संत ठरला.

बंधू-भगिनींनो, संत गोन्सालो यांच्या अखेरच्या दिवसाकडे आपण आदराने पाहतो, पण त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांकडेही पाहिले पाहिजे. ती वर्षे भाषा शिकण्यात, हिशेब ठेवण्यात, माल चढवण्या-उतरवण्यात, दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्याला समजावून सांगण्यात गेली. क्रुसावर जी श्रद्धा दिसली ती त्या साध्या दिवसांत वाढली होती. परदेशी राहणारा प्रत्येक ख्रिस्ती माणूस असाच एक दुभाषा असतो. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याने बायबल कधी वाचलेले नसेल. त्याला ख्रिस्त कळेल तो या माणसाच्या प्रामाणिक हिशेबातून, न चिडता दिलेल्या उत्तरातून, आजारी सोबत्यासाठी जागवलेल्या रात्रीतून.

धर्मगुरूंशिवाय अडीचशे वर्षे

नागासाकीची गोष्ट येथे संपत नाही. १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. धर्मगुरूंना हाकलून लावले किंवा ठार मारले. चर्चेस पाडली गेली. जगाला वाटले, तेथील श्रद्धा विझली. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा भागात परदेशी लोकांसाठी एक नवे चर्च उभे राहिले. ते याच २६ हुतात्म्यांना, म्हणजे आपल्या संत गोन्सालोंनाही, अर्पण केलेले होते. १७ मार्च १८६५ रोजी काही गरीब जपानी माणसे भीत भीत त्या चर्चमध्ये आली आणि फादर पेतिजाँ यांना त्यांनी हळू आवाजात सांगितले की आमची श्रद्धा तुमचीच आहे; आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. अडीचशे वर्षे, पिढ्यामागून पिढ्या, एकाही धर्मगुरूशिवाय त्यांनी श्रद्धा जपली होती.

हे कसे घडले? त्यांच्या वस्त्यांत कामे वाटून घेतलेली असत. एक जण सणांचे व उपवासांचे दिवस मोजून ठेवी. एक जण जन्मलेल्या बाळांना बाप्तिस्मा देई. एक जण घरोघरी निरोप पोहोचवी. बाकी सारे घरात, चुलीशेजारी, आईच्या तोंडून लेकराच्या कानात जाई.

आपल्या भागात ख्रिस्ती घरे विखुरलेली आहेत. दूरच्या गावांत धर्मगुरू दर रविवारी पोहोचू शकतातच असे नाही. तेव्हा आपण विचारू या: आपल्या घरात सणवारांची आठवण ठेवणारे कोण आहे? लेकरांना क्रुसाची खूण शिकवणारे कोण आहे? आजारी शेजाऱ्याचा निरोप धर्मगुरूंपर्यंत पोहोचवणारे कोण आहे? ही तीन माणसे जेथे आहेत तेथे ख्रिस्तसभा जिवंत आहे. मग ती नागासाकीची वाडी असो, दुबईतली कामगारांची खोली असो की आपल्या तालुक्यातले एखादे खेडे असो.

रोजच्या जगण्यातले धडे

आता आजच्या आपल्या मुलांकडे येऊ या. आखाती देशांत राहणाऱ्यांचे रोजचे जीवन आपण नीट पाहिले तर त्यात अनेक धडे मिळतात. त्यांतले चार येथे सांगावेसे वाटतात.

पहिला धडा मिस्सेच्या भुकेचा. कुवेत, कतार, ओमान, बहरीन या देशांत साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची आणि रविवार कामाचा. म्हणून तेथे रविवारची उपासना शुक्रवारीही होते, आणि एकाच चर्चमध्ये दिवसभर वेगवेगळ्या भाषांत मिस्सा चालू असतात. काही लोक बसने लांबून येतात, जागा नसली तर आवारात उन्हात उभे राहतात. सौदी अरेबियात तर उघड चर्चच नाही. तेथे ख्रिस्ती माणसाला खोलीचे दार लावून मनातल्या मनात देवाशी बोलावे लागते. केरळचे सालेशियन धर्मगुरू फादर टॉम उझुन्नालिल यांचे आपल्यापैकी अनेकांना स्मरण असेल. ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधील एडन शहरात मदर तेरेजांच्या धर्मभगिनींच्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला. चार धर्मभगिनी मारल्या गेल्या आणि फादरांना पळवून नेले. १२ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांची सुटका झाली. त्या दीड वर्षात त्यांच्याजवळ भाकर नव्हती, द्राक्षारस नव्हता, पुस्तक नव्हते. तरीही ते मिस्सेच्या प्रार्थना पाठ म्हणत आणि मनातच मिस्सा अर्पण करीत. आपल्या वेदीवर भाकर आणि द्राक्षारस दोन्ही आहेत. आणि पावसाचे चार थेंब पडले की आपण घरी राहतो.

दुसरा धडा ताटाचा. परदेशात एका खोलीत पाच-सहा जण राहतात. त्यांत एक मराठी, एक मल्याळी, एक नेपाळी, एक बांगलादेशी असे कोणीही असते. स्वयंपाकाच्या पाळ्या लागतात. ज्याची रात्रपाळी असते त्याच्यासाठी झाकून ठेवले जाते. ज्याला पगार उशिरा मिळाला त्याला महिनाभर उधारीवर जेवू घातले जाते. गावात ज्याच्या हातचे पाणी घ्यायला माणसे कचरली असती, त्याच्याच हातची भाजी तेथे गोड लागते. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी एकच भाकर मोडून सर्वांना दिली, तिचा अर्थ त्या खोलीत कळतो. ख्रिस्तशरीर स्वीकारून घरी गेल्यावर आपण भावकीत दोन चुली का मांडतो, हा प्रश्न मग आपल्याला स्वस्थ बसू देत नाही.

तिसरा धडा शेजाऱ्याच्या प्रार्थनेचा. आखाती देशांत दिवसातून पाच वेळा अजान होते. दुकानदार दुकान बंद करून प्रार्थनेला जातो. रमजानमध्ये कडक उन्हातही पाण्याचा थेंब न घेता तो काम करतो. हे पाहून ख्रिस्ती मुलाच्या मनात येते, आपला प्रायश्चित्तकाळ आपण कसा पाळतो? दुपारच्या देवदूताच्या प्रार्थनेची आठवण तरी होते का? दुसऱ्याची भक्ती पाहून आपली भक्ती जागी होणे, ही देवाची कृपा आहे. पोप फ्रान्सिस ५ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबीत मिस्सा अर्पण करायला उभे राहिले तेव्हा लाखाहून अधिक माणसे जमली होती आणि त्यांतली बहुतेक पोटासाठी घर सोडून आलेली होती. आदल्याच दिवशी त्यांनी अल-अझहरच्या प्रमुख इमामांबरोबर मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सही केली होती. तो मिस्सेचा दिवस संत गोन्सालोंच्या हौतात्म्याचा होता. त्या पोपमहोदयांनी त्या श्रमिकांपुढे प्रभूच्या धन्यवादांवर प्रवचन केले: जे दीन, जे नम्र, जे शांती करणारे, ते धन्य.

चौथा धडा पाण्याचा. त्या वाळवंटी शहरांत नळाला येणारे बहुतेक पाणी समुद्राचे असते. मोठे कारखाने त्यातले मीठ काढून ते गोडे करतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या माणसाला तेथे नळ सोडताना पाण्याची किंमत आठवते. प्रभू येशूही एकदा परक्या गावी, शोमरोनात, विहिरीवर थकून बसला होता आणि एका परक्या बाईकडे त्याने पाणी मागितले होते. देणारा मागणारा झाला, आणि त्या मागण्यातूनच त्याने तिला जिवंत पाण्याचे दान दिले. परदेशात माणूस मागायला शिकतो. पत्ता विचारतो, मदत मागतो, चुकीची भाषा बोलून हसे करून घेतो. हे लहान होणे कडू असते. पण लहान झाल्यावाचून स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही, असे प्रभूने शिकवले आहे.

लोणारची धार

हे सारे समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. उल्का आदळून तयार झालेले ते विवर पाहायला जगभरातून लोक येतात. त्या सरोवराचे पाणी खारे. २०२० च्या जून महिन्यात ते गुलाबी झाले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. पण त्याच विवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार वाहते. आपले हिंदू बांधव तिला तीर्थ मानतात. खाली खारे पाणी, वर गोडे पाणी, आणि दोहोंमध्ये अंतर थोडेसेच.

संत याकोबाने आपल्या पत्रात विचारले आहे की एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी निघते काय? लोणारची धार खाली सरोवराकडे जाते, पण आपल्या उगमापाशी ती गोडीच राहते, कारण तिचे पाणी सरोवरातून येत नाही. परमुलखात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाचे असेच आहे. भोवतालचे जग खारे असेल. दारू स्वस्त असेल, एकटेपणा खायला उठत असेल, मोबाईलवर नको ते दिसत असेल. आपला उगम कोठे आहे हे जोवर तो विसरत नाही, तोवर त्याची गोडी जात नाही. हा उगम म्हणजे रोजची प्रार्थना, ख्रिस्तप्रसाद आणि आईच्या हाताने कपाळावर काढलेली क्रुसाची खूण. पण उगमाशी नाते तुटले तर माणूस गावात राहूनही खारट होतो, हेही आपण विसरता कामा नये.

घरी राहिलेल्यांची जबाबदारी

आता आपल्याकडे वळू या. सिंदखेडराजाची लेक जिजाऊ माहेर सोडून गेली आणि दूर पुण्याच्या मुलखात तिने आपल्या मुलाला घडवले. आपल्या घराघरांतली प्रत्येक सासुरवाशीण हेच करते. माहेरची शिकवण ती उंबरठ्याबाहेर घेऊन जाते. तेव्हा बाहेर जाणाऱ्या लेकराच्या पिशवीत आपण काय भरतो, याला महत्त्व आहे. चटणी, पापड, लोणचे आपण भरतो. जपमाळ भरतो का? लहानसे नवा करार भरतो का?

आणि नंतर फोनवर काय बोलतो? बऱ्याच घरांत परदेशातल्या मुलाला विचारले जाते ते एवढेच: पैसे कधी पाठवतोस? बहिणीचे लग्न आहे, घराचा स्लॅब टाकायचा आहे, सोसायटीचा हप्ता आहे. गरज खरी असते, तिला नाव ठेवता येणार नाही. पण हळूहळू त्या मुलाला वाटू लागते की आपण घराला फक्त दर महिन्याच्या रकमेपुरते हवे आहोत. तेथून त्याचे तुटणे सुरू होते. आधी घरापासून, मग देवापासून. तो दूर गेला असे आपण म्हणतो, पण कधी कधी आपणच त्याला दूर लोटलेले असते. म्हणून बंधू-भगिनींनो, फोनवर पैशांआधी विचारू या: बाळा, जेवलास का? झोप लागते का? मिस्सेला जायला जमले का? चल, आपण दोघे मिळून एकदा 'हे आमच्या बापा' म्हणू. फोनवर म्हटलेली ती एक प्रार्थना हजार मैलांचे अंतर पुसून टाकते.

दुसरी जबाबदारी आपल्या दारात आलेल्या परक्याची. आपली मुले जशी बाहेर गेली तशी दुसऱ्यांची मुले आपल्याकडे आली आहेत. बांधकामावर बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर आहेत, रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारी कुटुंबे आहेत, आपल्या शाळा-दवाखान्यांत सेवा करणाऱ्या धर्मभगिनी दूरच्या राज्यांतून येतात. आपल्याला मिळालेली श्रद्धा तरी कोणी आणली? फ्रान्सच्या बाजूच्या सव्हॉय प्रांतातील आन्सी शहरातून संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि त्यांच्या कार्यातूनच पुढे नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली व आपला अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ साली उभा राहिला. त्यांतले कितीतरी जण इथल्या उन्हात व तापात खंगून याच मातीत निजले. त्यांच्याही आईने घराच्या दारात उभे राहून वाट पाहिलीच असेल. तसेच इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स. त्यांनी आपली मराठी मनापासून शिकून ओवीछंदात 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. परदेशी माणसाने आपल्या भाषेत देवाचे गुण गायले! आपल्या दारातल्या परक्याच्या ओठांवर देवाने कोणते गाणे ठेवले आहे हे आपल्याला कसे कळणार, जर आपण त्याला आतच घेतले नाही?

शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू विचारणार आहे की मी परका होतो तेव्हा तू मला घरात घेतलेस का. रूथसाठी चार कणसे सोडणारा बवाज आपल्या गावातही हवा आहे.

शेवटी एक गोष्ट. संत पेत्र आपल्याला या जगातले परदेशी आणि प्रवासी म्हणतो. संत पौल सांगतो की आपले नागरिकत्व स्वर्गात आहे. म्हणजे जो बुलढाणा सोडून कधी बाहेर गेला नाही तोही देवाच्या दृष्टीने प्रवासीच आहे. आपले खरे घर पुढे आहे. जी मुले आज परमुलखात आहेत ती आपल्याला याची आठवण करून देतात: सामान थोडे ठेवा, सोबत्याला सांभाळा, आणि घरी वाट पाहणाऱ्या बापाला विसरू नका.

या आठवड्याचा संकल्प

१. बाहेरगावी किंवा परदेशी असलेल्या आपल्या एका तरी माणसाला फोन करून त्याच्याबरोबर एक प्रार्थना म्हणू या.

२. यिर्मयाचा २९वा अध्याय आणि रूथचा दुसरा अध्याय घरात सर्वांनी मिळून वाचू या.

३. आपल्या वस्तीत कामासाठी आलेल्या एका परक्या कुटुंबाची विचारपूस करू या आणि त्यांच्या लेकरांना सणाच्या फराळातला वाटा देऊ या.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू अब्राहामाबरोबर चाललास, योसेफाला कैदेत सांभाळलेस आणि आपल्या पुत्रालाही परक्या देशात आसरा दिलास. आमची जी मुलेबाळे आज घरापासून दूर आहेत त्यांच्या खोलीत, त्यांच्या कामात, त्यांच्या एकाकी रात्रीत तू त्यांच्याजवळ राहा. त्यांना वाईट संगतीपासून, अपघातापासून आणि निराशेपासून वाचव. त्यांच्या हातून कोणाची फसवणूक होऊ देऊ नकोस आणि त्यांचीही कोणी फसवणूक करू नये असे कर. आम्हा घरी राहिलेल्यांची श्रद्धा सवयीने सुकून जाऊ देऊ नकोस. आमच्या दारी येणाऱ्या परक्यात तुझा पुत्र ओळखण्याची दृष्टी आम्हाला दे. संत गोन्सालो गार्सिया आणि इजिप्तच्या वाटेवर बाळाला उराशी धरून चाललेली पवित्र मरिया माता यांच्या मध्यस्थीने, आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे आम्ही ही प्रार्थना करतो. आमेन.